बंदुकीच्या कोपऱ्यातले बाबा

बंदुकीची कातडी सोलण्यात आमच्या ऑफिसात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी त्या दुपारी घरी काम करता करता बाबांना ऐकवत होते. ती त्यांची शेवटची धडधाकट दुपार होती. आम्हाला दोघांनाही ते ठाऊक नव्हतं, म्हणून ती नेहमीसारखी वाद घालण्यात गेली.

आम्ही कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो. खेळातल्या बंदुकीचा रंग, गंज, ओरखडे सगळं एका चौकोनी चित्रात असतं. शिंपी कापडावर बाह्या-कॉलर बसवतो तसे बंदुकीचे तुकडे त्या चित्रावर बसवायचे. खेळणाऱ्याच्या डोळ्यापाशी येणाऱ्या भागाला ऐसपैस जागा, लांबच्या नळीला चिमूटभर. आणि सगळ्या गोळ्यांना मिळून एकच तुकडा!

"म्हणजे एकीला डाग पडला की सगळ्यांना?" बाबांनी माझ्या पडद्यात डोकावत विचारलं.

"हो."

"आपल्या खानदानासारखं! आणि हा कोपरा रिकामा का?"

"उरलाय."

"मग मला बसव तिथे. भाडं मागू नकोस म्हणजे झालं."

मी चित्राच्या सगळ्यांत वरच्या थरावर, त्या कोपऱ्यात त्यांचा फोटो चिकटवला. तिथे बंदुकीचा एकही तुकडा नव्हता, त्यामुळे खेळात तो कुणाला दिसणार नव्हता.

"मिशी झकास आलीये," बाबा उठत म्हणाले. "चल, पडतो जरा. तुझं चालू दे."

"बरं," मी म्हणाले. मान वर न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

सुट्टीनंतर ऑफिसात पाऊल टाकलं ते थेट बैठकीत. खेळात पैसे घालणारे एक पाहुणे आले होते. त्यांना बंदूक पटली नाही तर आमचं सगळ्यांचं दुकान बंद!

"तुझा एक कोपरा वाया जात होता," साहेब कानाशी कुजबुजले. "मी तुकडे मोठे करून तिथवर पसरवले, रंगही नव्याने चढवले. वरच्या थराला मात्र हात लावला नाही. म्हटलं, महत्त्वाचं काहीतरी असेल!"

वरच्या थरावर बाबा होते!

पाहुण्यांनी खेळातली बंदूक उचलून नेम धरला. नेमाच्या खाचेवरून बाबांचे दोन डोळे त्यांच्याकडे टक लावून बघत होते, उधारी मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तसे!

"हे कोण?"

"शत्रू असेल," साहेबांनी ठोकून दिलं.

पाहुण्यांनी घाबरून गोळ्या झाडल्या. गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या टणाटण उडाल्या आणि प्रत्येकीवर मिशी! जमिनीवर मिश्यांचा सडा पडला.

"किरकोळ दोष आहे! ही आत्ता काढते!" साहेबांनी कीबोर्ड माझ्याकडे ढकलला.

"दोष नाही," मी म्हणाले. "माझे वडील आहेत."

पाहुणे खुर्ची मागे सारून उठू लागले, त्यांना अडवायला साहेबही उठले. मी बाबांचा थर निवडला. बोट पुसायच्या बटणावर ठेवलं आणि तिथेच राहिलं. पडद्यावरून ते बघत होते, मिशी झकास.

"बसा ना अजून थोडा वेळ, बाबा," मी मोठ्याने म्हणाले.

पाहुणे आणि साहेब, दोघेही निमूट खाली बसले.