दाखल्यावरची मिशी

“पांझरेला पूर येऊ द्या, घर वाहून जाऊ द्या, माझे कागद कोरडेठाक निघतील!” धुळ्याच्या चौथ्या गल्लीत गिरधरभाऊ छाती फुगवून सांगत फिरत होते. कारण गावात लॅमिनेशनचं मशीन आलं होतं!

त्यांनी ट्रंकेतले कागद पिशवीत कोंबले.

“अहो, बघून तरी घ्या काय काय आहे!” मंदाबाई ओरडल्या.

“माझे कागद मला माहीत नाहीत?”

दुकानात पिशवी उपडी केली, “सगळ्यांना प्लास्टिक चढव,” म्हणाले आणि शेजारी चहाला बसले. दुकानदारानं सगळ्यांनाच चढवलं. रेशनकार्ड तर मिटलेलंच गेलं!

रेशनवाले रतिलालशेठ ते पापडासारखं उलटसुलट करत म्हणाले, “भाऊ, साखर लिहू कुठे?”

“वरून लिहा!”

“पेन घसरतंय!”

त्या महिन्यात घरी गुळाचा चहा झाला. पण खरा घोळ रविवारी झाला.

कुंदाला, म्हणजे गिरधरभाऊंच्या मुलीला, बघायला शिंदखेड्याकडची मंडळी आली. मुलगा रुपचंद शाळामास्तर, झुपकेदार मिशीचा. मुलगी पसंत पडली, चिवडा संपला. निघताना त्याची आई भागाबाई अहिराणी मिसळत म्हणाली, “स्थळासोबत धाडलेला पोऱ्याचा फोटो द्या बरं परत. एकच शे.”

गिरधरभाऊंनी ऐटीत ट्रंक उघडली, फोटो शोधला आणि नीट न बघताच पुढे केला. “बघा, कसा जपलाय!”

भागाबाईनं हात फिरवला. “हाई खाले काय लिखेल शे?”

रुपचंदनं मोठ्यानं वाचलं. “मृत्यूचा दाखला.”

दुकानदाराला वाटलं होतं, फोटो दाखल्याचाच असेल. गिरधरभाऊंच्या वारलेल्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, दाखल्याच्या कोऱ्या कोपऱ्यावर त्यानं होणारा जावई चिकटवून दिला होता!

“मना पोऱ्या जित्ता शे ना!” भागाबाईनं हंबरडा फोडला. शेजारी धावत आले. त्यातल्या दोघीजणी तर रडायलाही लागल्या, कोण गेलं हे न विचारताच!

गिरधरभाऊ घामाघूम. “थांबा, आत्ता सोडवतो!” म्हणत त्यांनी ब्लेड चालवलं. ते घसरलं. कपाळ, डोळे, नाक भागाबाईच्या हातात आलं. मिशी आबांपाशीच राहिली.

आतून कुंदा फिस्सकन हसली. मंदाबाईंनी डोळे मिटले. जमलेलं लग्न मोडलं!

पण रुपचंदही हसू लागला. “आई, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. तूच म्हणतेस ना?”

भागाबाईनं डोळे पुसले, थोडा विचार केला. “ते बी खरं शे.” आणि कुंदाच्या हातावर साखर ठेवायला सांगितली. साखर शेजारून आणावी लागली.

पुढच्या आठवड्यात गिरधरभाऊ शेताला वारस लावायला तोच दाखला घेऊन तलाठ्याकडे गेले.

“ही मिशी मयताची?”

“नाही, जावयाची.”

“जावई गेले?”

“नाही हो, ते येणार आहेत! लग्न व्हायचंय!”

तलाठ्यानं कागद परत सरकवला. “आधी मिशी काढून आणा.”

संध्याकाळी रुपचंद सुपारी फोडायचा दिवस ठरवायला घरी आला होता. गिरधरभाऊंनी चपला काढता काढता तलाठ्याचा निरोप जसाच्या तसा सांगितला.

रुपचंदनं मिशीवरून हात फिरवला. “मामा, लग्नाआधी काढू की नंतर?”