गाडी लागते का तुम्हाला?

इनास वकिलांकडे नवा अशील आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "गाडी लागते का तुम्हाला?"

माणूस बिचारा सातबारा, खरेदीखत, मृत्यूचा दाखला असं सगळं पिशवीत भरून आलेला असे. भावाने कुंपण कसं सरकवलं, हे रस्ताभर मनात घोकत आलेला असे. तो गोंधळून म्हणे, "साहेब, माझा जमिनीचा दावा आहे."

"ते कळलं हो. घाटात मळमळतं का, ते सांगा."

मळमळत असेल तरी ते वकीलपत्र घेत. फक्त आवळासुपारीची एक पुडी त्याच्या फायलीत टाचून ठेवत.

मी त्यांच्यासमोर उभा राहून उभा जन्म वकिली केली. म्हणजे ते वादीचे तर मी प्रतिवादीचा, किंवा उलटं. कोर्टात आम्ही वकील एकमेकांना 'माझे विद्वान मित्र' म्हणतो. पुढच्याच वाक्यात त्याचं सगळं म्हणणं मूर्खपणाचं कसं आहे ते सांगायचं असतं, म्हणून आधी तेवढी साखर. इनास वकिलांनी मात्र ते माझं नावच करून टाकलं. "विद्वान, चहा घेणार?" "विद्वान, जरा टायर बघता का?"

त्यांचं ऑफिस विरारला, स्टेशनच्या पूर्वेला, एका शिंप्याच्या दुकानावर. दारावर पाटी: 'दुसरा आणि चौथा शनिवार: वकील रस्त्यावर आहेत.' शिंपी त्यांना कितीदा म्हणाला, "साहेब, 'बाहेरगावी' लिहा. लोकांना वाटतं धंदा बुडाला."

"अरे, जव्हारला कोणी बाहेरगाव म्हणतं का? आणि रस्त्यावर तर मी असतोच. वकिलाने निदान दारावर तरी खरं लिहावं."

आता ते रस्त्यावर काय करत, ते सांगतो. दावा एका घरातला असला, भावाभावांचा, काकापुतण्यांचा, दीरभावजयीचा, की ते दोन्ही बाजूंना आपल्या जुन्या चॉकलेटी गाडीत बसवून जव्हारला घेऊन जात. समोरच्या पक्षाशी त्याच्या वकिलाशिवाय बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. इनास वकील नियमाला पक्के. म्हणून ते त्याच्या वकिलालाही गाडीत घालत. तो वकील बहुतेक वेळा मी असे. मागच्या सीटवर, मधोमध, गुडघे छातीशी.

गाडीचे कायदे कोर्टापेक्षा कडक होते. पुढची डावी सीट मोठ्या भावाची. तो कितीही लबाड असो, मोठा तो मोठा. दावा हा शब्द मनोर येईपर्यंत काढायचा नाही. मनोरनंतर हवं ते बोला, पण काचा खाली करून. आणि शिरसाड फाट्याला गाडी हायवेला लागली की प्रत्येकाच्या हातात एकेक सुकेळं. आमच्याकडची उन्हात वाळवलेली केळी ज्यांनी खाल्ली असतील त्यांना कळेल, ते दाताला असं चिकटतं की माणसाला बराच वेळ धड शिवीसुद्धा देता येत नाही.

कोणी तरीही सुरुवात केलीच, की ते आरशात बघून म्हणत, "मुद्दा नोंदवला. पुढे चला." पुढे तर गाडीच चालली होती.

तुळिंजचे मोरे बंधू मला चांगले आठवतात. वडिलांच्या मागे राहिलेला एक गाळा, त्यावरून दोघं एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेले नव्हते. थोरला दत्ता इनास वकिलांचा अशील, धाकटा सुरेश माझा. मनोरपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत सुकेळी चघळत बसले. मनोर सुटलं आणि दत्ताने तोंड उघडलं. "बाबांच्या दहाव्यालासुद्धा हा उशिरा आला." सुरेश मागून ओरडला, "बाबांना दवाखान्यात कोण घेऊन बसलं होतं? तू?" माझ्या कानाचा पडदा तेव्हा जो गेला तो गेला.

विक्रमगडच्या अलीकडे रस्त्याचा एक सपाट तुकडा आहे. दोन्ही बाजूंना साग. तिथे गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

"म्हातारी झाली," इनास वकील स्टिअरिंगवर हात फिरवत म्हणाले. "दोघांनी जरा धक्का मारा. विद्वान, तुम्ही बसा. तुमच्या कंबरेचं मला ऑफ रेकॉर्ड माहीत आहे."

भाऊ उतरले. खांद्याला खांदा लावल्याशिवाय ती गाडी हलणारी नव्हती. थोड्या वेळाने मागून दत्ताचा आवाज आला, "अरे ए, वाकून नको लावू जोर, तुझं हर्नियाचं झालंय ना?" मग सुरेश म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?" "तुझ्या बायकोने." गाडी सुरू झाली. जव्हारला चहा पिताना थोरल्याने धाकट्याची बशी स्वतःच्या रुमालाने पुसली. पुढच्या तारखेला आम्ही तडजोडीची पुरसीस दिली, म्हणजे 'आमचं आपसांत मिटलं' असा दोघांच्या सह्यांचा कागद. न्यायाधीशांनी तो चष्मा लावून वाचला आणि चष्मा काढून पुन्हा वाचला.

अशा कितीतरी फेऱ्या मी केल्या. गाडी दरवेळी त्याच सपाटीवर बंद पडे. मला संशय आला, आणि एकदा मी पाहिलं. डॅशबोर्डच्या खाली, गुडघ्याजवळ एक बटण होतं. चोरीच्या भीतीने लोक बसवतात तसलं, दाबलं की इंजिन मरतं. इनास वकिलांनी माझ्याकडे आरशात पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी थक्क झालो. आम्ही कायद्याची पुस्तकं उशाला घेऊन झोपायचो आणि हा माणूस एका बटणावर वाटणीचे दावे मिटवत होता. सगळेच मिटले असं नाही. काहींनी जव्हारच्या टपरीवरही एकमेकांवर कप उगारले. पण परत येताना तेही त्याच गाडीत असत. दुसरं काही वाहन त्यांना मिळू नये याचीही इनास वकिलांनी काळजी घेतलेली असे.

एकदा तरुण वकिलांनी त्यांना भाषणाला बोलावलं. विषय होता 'काम आणि आयुष्य यांचा तोल.' मुलं बिचारी घरी जाऊन मुलाबाळांचं तोंड बघू शकत नव्हती, त्यांना उपाय हवा होता. इनास वकील उभे राहिले. "तोल मला जमत नाही," ते म्हणाले. "काम घरी ठेवून मी फिरायला गेलो, तर सगळा रस्ता कामच दिसतं. म्हणून मी कामालाच गाडीत घालून नेतो. ते बाहेर बघत बसतं, मी गाडी चालवतो. घाटात दुसरा गियर विसरू नका." आणि बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला कळेना.

मात्र बाररूममध्ये त्यांच्यामागे एक विनोद चाले. 'जगाचे भाऊ गाडीत, स्वतःचा भाऊ वाडीत.' कारण इनास वकिलांचा थोरला भाऊ, बस्त्याव, नंदाखालला त्यांच्या कुंपणापलीकडेच राहतो, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. चर्चमध्येसुद्धा एक उजव्या बाजूच्या बाकावर, दुसरा डाव्या. दोघंही एकाच वेळी 'आमेन' म्हणत, संबंध तेवढाच.

हा विनोद मी केला होता. तो इतका चालला की नव्या पोरांनाही पाठ झाला. परवा इनास वकिलांनी वकिली थांबवली, त्यांचा निरोपसमारंभ झाला, आणि एका पोराने माइकवरून तोच विनोद सांगितला. सगळे हसले. इनास वकीलही हसले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मुद्दा नोंदवला."

तेव्हा मला खुर्चीत बसवेना. कारण त्या सभागृहात खरी गोष्ट दोघांनाच माहीत होती, त्यांना आणि मला.

बस्त्यावचा वकील मीच होतो. वडील गेल्यावर दोघा भावांनी वाडी वाटून घेतली, आणि मधलं बावखल, म्हणजे पाणी साठवायचं जुनं तळं, कोणाच्या हद्दीत यावरून दावा झाला. इनास तेव्हा नवा वकील. त्याने ही गाडी त्याच वेळी जुनी म्हणून विकत घेतली आणि थेट माझ्या ऑफिसात आला. "विद्वान, दादाला एक दिवस माझ्याबरोबर पाठवा. जव्हारपर्यंत जाऊन येतो. तुम्हीही चला." बस्त्याव माझ्यासमोरच बसला होता. तो खुर्चीवरून अर्धा उठलासुद्धा. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवला. म्हटलं, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. जे बोलायचं ते कोर्टात बोला." तो दावा हातचा जाऊ नये म्हणून मी बोललो, दुसरं कारण नव्हतं. दावा मी हरलो. भाऊ त्या दिवसापासून गप्प झाले. आणि इनास वकिलांनी त्यांच्या भावासाठी घेतलेली ती पुढची डावी सीट आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोठ्या भावांना दिली. एवढं सगळं माहीत असताना मी विनोद केला.

समारंभानंतर मी नंदाखालला गेलो. बस्त्याव आता खूप म्हातारा झालाय. अंगणात सुकेळी पांघरूण घातल्यासारखी पानांत गुंडाळत बसला होता. मागे बावखलावर पंप चालू होता. मी विचारलं, "हा पंप कोणाचा?"

"माझा."

"पण बावखल तर कोर्टाने इनासना दिलं."

"दिलं ना. तो पंप काढायला आलाच नाही. मी वाट बघत बसलो, येईल, मग भांडू." तो सुकेळ्याला दोरा बांधत म्हणाला. "भांडायलासुद्धा आला नाही, वकील."

मी एवढंच विचारलं, "बस्त्याव, गाडी लागते का तुम्हाला?"

तो बराच वेळ हसला. नंदाखालमध्ये हा प्रश्न कोणाला माहीत नाही? मग म्हणाला, "मोठ्याची सीट पुढची ना?"

चौथ्या शनिवारी सकाळी गाडी वाडीच्या फाटकाशी उभी राहिली. इनास वकिलांना मी फक्त 'एक जुना अशील आहे' एवढंच सांगितलं होतं. बस्त्याव पांढरा सदरा घालून काठी टेकत आला. इनास वकील स्टिअरिंगमागून उतरले, गाडीला वळसा घालून आले, डाव्या बाजूचं दार उघडलं आणि उभे राहिले. मी मागे, मधोमध बसलो, शेजारी कोणी नसतानाही. सवय.

शिरसाड फाट्याला इनास वकिलांनी सुकेळ्यांचा डबा पुढे केला. बस्त्यावने एक उचललं, हुंगलं आणि परत ठेवलं. "बाजारातलं," तो म्हणाला, आणि स्वतःच्या पिशवीतली सुकेळ्यांची पुडी त्यांच्या मांडीवर टाकली. इनास वकिलांनी एक खाल्लं. मग दुसरं. मनोर आलं, मनोर गेलं. आता बोलायला परवानगी होती. इनास वकिलांनी तिसऱ्या सुकेळ्याचा दोरा सोडला. मी हातात आवळासुपारी धरून बसलो होतो, मळमळत मलाच होतं.

विक्रमगडच्या अलीकडची सपाटी आली. सागाची पानं रस्त्यावर पडली होती. इनास वकिलांचा हात स्टिअरिंगवरच राहिला, गाडी चालतच होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते बटण दाबायची हिंमत होत नव्हती, हे मला मागून त्यांच्या मानेवरूनसुद्धा कळलं.

"इनास," बस्त्याव समोर बघत म्हणाला, "इथेच बंद पडते ना तुझी?"

"हो, दादा."

"मग पाड की."

गाडी आचका देऊन थांबली. बस्त्याव दार उघडून उतरायला लागला. "तू एकटा काय ढकलणार, दादा," म्हणत इनास वकीलही उतरले. आजवर धक्क्याच्या वेळी ते कधी स्टिअरिंगवरून उठले नव्हते. खिडकीतून वाकून मला म्हणाले, "विद्वान, पुढे या. काही करायचं नाही. नुसतं सरळ धरा."

मला गाडी चालवता येत नाही. मी पुढे गेलो, बसलो, दोन्ही हातांनी चाक धरलं. आरशात दोन पांढरी डोकी दिसत होती, एकमेकांना टेकलेली. ते ढकलत होते, कण्हत होते, त्यांच्या बोलीत एकमेकांना काहीतरी सांगत होते. ती बोली मला इतक्या वर्षांत आली नाही. मधूनच बस्त्याव हसला. मग इनास. गाडी मात्र जागची हलेना. पुन्हा जोर, पुन्हा कण्हणं. एक मोटारसायकलवाला थांबून बघायला लागला.

"वकील," बस्त्याव धापा टाकत ओरडला, "खाली बघा, खाली!"

मी खाली बघितलं. माझा पाय ब्रेकवर होता, आणि मी तो घट्ट दाबून धरला होता.

मी पाय उचलला.