मुन्शीकाकांचा खोकला

गल्लीतले मुन्शीकाका आमच्या दारावरची बेल कधीच दाबत नसत. चपला काढून पायरीखाली उभे राहत आणि खोकत. दोन छोटे खोकले, एक लांब. घरच्या बाईला घंटी वाजवून बोलावणं ही त्यांच्या मते बेअदबी होती. एकदा माझा मिक्सर चालू होता. चटणी वाटून झाल्यावर बाहेर डोकावले, तर काका खोकून खोकून घामाघूम!

"अहो, समोर बेल आहे ना?"

"बेल तुमची, वहिनी. खोकला माझा."

मुलांनो, तुमच्या तिकडच्या घरात हा शब्द कानावर पडत नसेल, म्हणून सांगते. जिथे मान द्यायचा तिथे तो कळत असूनही न देणं म्हणजे बेअदबी. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मला प्रत्येक शब्द कोशात बघायची सवय. काका हसायचे. "कोशात अर्थ मिळतो वहिनी, वापर नाही मिळत."

वापर त्यांनी मला आमच्या बरकतपुऱ्यातल्या ओट्यावर बसून शिकवला. लहान मूल करतं तो आगाऊपणा. कॉलेजातलं पोरगं करतं तो उद्धटपणा. बेअदबी करायला माणूस कळता लागतो. आणि मुख्य नियम असा, की हा शब्द थोरल्यानं धाकट्याला म्हणायचा. धाकट्यानं थोरल्याला? "नक्को! कधीच नक्को!"

कोर्टाच्या आवारात उर्दूतून अर्ज लिहून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. म्हातारपणी ते गल्लीतल्या लोकांना माफीनामे लिहून देत, फुकट. समोरच्या घरी एकदा पंगतीत व्याह्यांच्या पानात जिलबी वाढायची राहिली. काकांनी दीड पान लिहिलं. व्याही ते वाचून रडत आले आणि वर चार जिलब्या खाऊन गेले.

मग ते नवे दिवस आले. घराघरांत केबल आली, आणि काचीगुड्याच्या रस्त्यावर शुभेच्छा कार्डांचं गारेगार दुकान निघालं. तुमचा बाबा तेव्हा कॉलेजात होता. माझ्याशी भांडला आणि संध्याकाळी तिथून कार्ड घेऊन आला. वर डोळ्यांत पाणी आणलेलं अस्वल, खाली 'सॉरी'. मी ते कौतुकानं काकांना दाखवलं.

त्यांनी चष्मा पुसला. "तयार माफी? शिवून ठेवलेल्या पँटीसारखी?" कार्ड उलटून पाहिलं. "आणि मागतंय कोण, अस्वल? सॉरी तर बसमध्ये पायावर पाय पडला की म्हणतात. वहिनी, ही तर माफीचीच बेअदबी झाली!"

आठवडाभर गल्लीत हाच विषय होता. मग एका सकाळी दारात खोकला ऐकू आला. काका आत आले, चहा नको म्हणाले, आणि जमिनीकडे बघत विचारलं, "ते अस्वल कुठं मिळतं?"

मलकपेठेत त्यांचे थोरले भाऊ राहत. दादा. पुतणीच्या लग्नात गडबडीत काकांना दुसऱ्या पंगतीला बसवलं गेलं. काका उठले आणि साऱ्या मांडवासमोर म्हणाले, "दादा, ही बेअदबी आहे." तेव्हापासून अकरा वर्षं दोघे बोलले नव्हते.

"तो शब्द मी वापरला, वहिनी. धाकट्यानं. आता दादांना ऐंशी लागलं."

"पण तुम्ही तर अख्ख्या गल्लीचे माफीनामे लिहिता!"

"हाही लिहिला. चाळीस वेळा. पहिल्या ओळीत माफी मागतो, तिसऱ्या ओळीत माझी वकिली सुरू होते. अस्वल बिचारं एका शब्दात थांबतं."

एकटं जायचा त्यांना धीर होईना, म्हणून दुकानातून कार्ड घेतलं आणि रिक्षा करून दोघं मलकपेठेला गेलो. दादांच्या दाराला चांगली पितळी बेल होती. काकांनी चपला काढल्या. दोन छोटे, एक लांब. आत टीव्हीवर बातम्या गडगडत होत्या. पुन्हा खोकले. मी बेलकडे हात नेला, तर त्यांनी तो अडवला. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाजच फुटेना, नुसतीच हवा आली.

आतला टीव्ही बंद झाला. मग दाराच्या पलीकडून दोन छोटे खोकले आले आणि एक लांब.

"मी त्यांच्याकडूनच शिकलो," काका कुजबुजले. अस्वल त्यांनी दोन्ही हातांत नीट धरलं, आणि आतली कडी निघाली.