तिसऱ्या प्रकरणाचा समास

पहिल्या वर्षाच्या मुलांनी कॉम्प्युटर सायन्सचं एकही पुस्तक समजत नाही असा लेखी अर्ज दिला, तेव्हा विभागप्रमुखांनी एका प्राध्यापकांना बोलावून घेतलं. "सोपं काहीतरी वाचायला शोधा. माझ्या पुस्तकातलं तिसरं प्रकरण, माहिती रांगेत किंवा ढिगात कशी ठेवायची ते, घ्याच, बाकीचं तुम्ही ठरवा."

प्राध्यापकांनी ग्रंथालय पालथं घातलं. नवशिक्यांसाठी म्हणून लिहिलेली पुस्तकं दुसऱ्याच पानावर नवशिक्यांना वाऱ्यावर सोडत होती. शेवटी त्यांनी निवडक प्रकरणांच्या प्रती घरी नेऊन थोरल्या बहिणीपुढे ठेवल्या. ताई तीस वर्षं टपाल कचेरीत काउंटर सांभाळून निवृत्त झाली होती.

"ताई, जिथे अडशील तिथे खूण कर."

"आणि चिडले तर?"

"तेही लिही."

ताईने मनावर घेतलं. चार दिवसांत सगळे समास भरले. विभागप्रमुखांच्या प्रकरणाला तर पानाची मागची बाजूही लागली.

सोमवारी प्राध्यापकांनी घाईघाईत झेरॉक्स काढायला नेमका तोच गठ्ठा दिला. घोळ लक्षात आला तो वर्गातून हसण्याचा आवाज आल्यावर. एक मुलगी उभी राहून वाचत होती, "'रांग म्हणजे आधी आला तो आधी सुटणार. हे सांगायला मला काउंटरवर कधी तीन पानं लागली नाहीत. ढीग म्हणजे वरचं पाकीट आधी उचलायचं, तळातलं बसतं रडत. हा गृहस्थ घरी पाणी तरी कसं मागत असेल?'"

"प्रती परत द्या," प्राध्यापक कसेबसे म्हणाले.

"सर, परीक्षेपर्यंत राहू द्या ना. पहिल्यांदाच कळतंय."

दुपारपर्यंत दुसऱ्या वर्षानेही प्रती काढल्या. एक सूचनाफलकावर लागली. तिच्यासमोर विभागप्रमुख चष्मा कपाळावर चढवून उभे असलेले पाहून प्राध्यापक मागे वळणार, तोच हाक आली.

"कोणी लिहिलं हे?"

"माझ्या बहिणीने, सर. प्रकरण कोणाचं आहे हे तिला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर?"

प्राध्यापकांना खोटं बोलणं जमलं नाही. "थोडं जास्तच लिहिलं असतं."

विभागप्रमुखांनी घरचा पत्ता मागून घेतला.

संध्याकाळी ते खरंच दारात हजर झाले. प्राध्यापक चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले आणि तिथूनच कानोसा घेऊ लागले. बाहेर आरडाओरडा नव्हता, नुसती कागदांची सळसळ होती. कप घेऊन ते बाहेर आले, तर विभागप्रमुख खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते. ताईच्या हातात त्यांच्या नव्या पुस्तकाचं हस्तलिखित होतं. पहिलं पान तिने दोनदा वाचलं.

"खरं सांगा," ती म्हणाली, "हे तुम्हाला स्वतःला कळलंय का?"

विभागप्रमुखांनी वाकून तेच पान पुन्हा वाचलं.

"दुसरा परिच्छेद कळलाय," ते हळूच म्हणाले.

"मग तिथूनच सुरू करू," असं म्हणून ताईने वरचा परिच्छेद खोडला.