अंबूताईंचा अर्धा रस्ता

सायकल चालवता चालवता हजेरी घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे महाडच्या मुलींच्या शाळेच्या आमच्या हेडबाई, अंबूताई. पुढे त्या, मागे आम्ही. दर अर्ध्या मैलाला मान न वळवता त्या मोठ्याने म्हणत, "एक." एक म्हणजे त्या स्वतःच, त्यामुळे "हजर" असं उत्तरही त्याच देत. "दोन" म्हटलं की शिवण शिकवणाऱ्या चंद्राबाई धापा टाकत "हजर" म्हणत. तीन म्हणजे मी, शाळेतली सगळ्यांत धाकटी शिक्षिका. आणि "चार" म्हटलं की सगळ्यात मागून नुसती घंटी वाजे. त्या रिबकाबाई, दवाखान्यातल्या नर्स. शाळा सोडून वीस वर्षं झाली, आता मी कुणालाही हजर म्हणणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बाईंनी विचार करून घंटी चालवून घेतली.

चौघींची हजेरी ती काय घ्यायची, असं मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "चौघींतली एक गेली तर चौथा हिस्सा गेला. चाळीस मुलींतल्या दहा गेल्यासारखं आहे ते."

शाळा सुटली, दवाखाना बंद झाला, की रोज संध्याकाळी आम्ही पोलादपूरच्या रस्त्याने दोन-तीन मैल जाऊन येत असू. महाडात तेव्हा मोटारीसुद्धा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तिथे लुगडी नेसलेल्या चार बायका सायकलवर म्हटल्यावर बाजारपेठेतले लोक तराजू तसाच धरून बघत राहत. "निघाली पलटण" असं कुणीतरी म्हणेच. बाईंना त्याचं काही नसे. त्या नऊवारीचा काष्टा घट्ट खोचत आणि म्हणत, "पुरुषांच्या धोतराचा सोगा साखळीत अडकतो, आपलं काही अडकत नाही. हा पोशाख सायकलसाठीच निघालेला असणार." चंद्राबाई प्रत्येक उतारावर खाली उतरून सायकल हातात धरून चालत, चढावरही तेच करीत, सपाटीवर मात्र त्या कुणाला हार जात नसत.

बाई सायकल शिकल्या त्या चाकाचा घेर मोजायला गेल्या म्हणून. रिबकाबाईंना आसपासच्या गावांत, पार बिरवाडीपर्यंत, बाळंतपणं करायला जावं लागे, म्हणून त्यांच्याकडे सायकल होती. ती दवाखान्याच्या भिंतीला टेकलेली पाहून बाई शिवणाची फीत घेऊन गेल्या आणि गुडघ्यावर बसून मापं घेऊ लागल्या. "सात फूट आणि वर थोडं," असं त्या म्हणाल्या तेव्हा रिबकाबाई म्हणाल्या, "माणूस बसल्यावर टायर दबतं, अंबूताई. बसून बघा म्हणजे खरं माप कळेल." बाईंना खऱ्या मापाचा मोह आवरेना. महिनाभर दोन्ही कोपरं सोलून घेऊन त्या शिकल्या. महाडात त्यांना अंबूताई म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं. बाकी साऱ्या गावाच्या त्या बाई होत्या.

गणित हा त्यांचा विषय आणि "कुठून मोजलंत?" हा त्यांचा प्रश्न. मुलगी म्हणाली, बाई, मला पाचच मिनिटं उशीर झाला, तर "कुठून मोजलीस?" चंद्राबाई म्हणाल्या, लुगडं दोन बोटं आखूड आलं, तर "कुठून मोजलंत?" एकदा शाळा तपासायला आलेले साहेब म्हणाले, तुमची शाळा फार मागे आहे. बाईंनी त्यांनाही हेच विचारलं. साहेबांनी वही पुढे ओढली आणि शेरा बरा दिला. आरंभ ठरवल्याशिवाय मोजणं म्हणजे नुसता खेळ, हे वाक्य आमच्या शाळेत चौथीपर्यंतच्या प्रत्येक मुलीने फळ्यावरून उतरवून घेतलेलं आहे.

दसरा झाला आणि पोलादपूरला नवा दवाखाना निघाला. रिबकाबाईंची तिकडे बदली झाली. त्यांनी हे मला सांगितलं, चंद्राबाईंना सांगितलं, आणि बाईंना सगळ्यांच्या शेवटी, ट्रंक बांधून झाल्यावर सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "अकरा मैल आहे. काही विलायत नव्हे."

निरोप द्यायला आम्ही मोटारीपाशी गेलो. सायकल टपावर बांधत होते. रिबकाबाई म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा अर्धा रस्ता मी येईन, अर्धा तुम्ही या." आधी शनिवार निघाला होता, पण शनिवार हा रिबकाबाईंच्या यहुदी धर्मातला पाळायचा दिवस, त्या दिवशी त्या सायकलला काय, चुलीलाही हात लावत नसत. म्हणून बुधवार ठरला. बाईंनी बुधवारची शाळा एक तास आधी भरवून एक तास आधी सोडायचं तिथेच जाहीर केलं. मग मोजायचं कसं, ते त्यांनी रिबकाबाईंना बजावून सांगितलं. मैलांच्या दगडांवर विसंबू नकोस, ते गाडणाऱ्याने कुठून मोजलं कोण जाणे. चाकाला चिंधी बांध, वेढे मोज, दवाखान्याच्या पायरीपासून बरोबर साडेपाच मैल ये. मी शाळेच्या पायरीपासून साडेपाच मैल येते.

"आणि जिची फेरी चुकेल तिने आधी पत्र लिहायचं," रिबकाबाई म्हणाल्या.

"कबूल," बाई म्हणाल्या. मोटार सुटली.

पहिल्या बुधवारी आम्ही तिघी निघालो ती मोठी मोहीमच होती. बाईंच्या चाकाला तांबडी चिंधी होती आणि त्या मोठ्याने वेढे मोजत होत्या. दर शंभराला मी ओच्यातला एक चिंचोका काढून चंद्राबाईंच्या डब्यात टाकायचा. बिरवाडीचा फाटा मागे गेला. एकेचाळीस चिंचोके झाले, वर आणखी काही वेढे झाले, आणि बाई उतरल्या. रस्त्याकडेला एक काळा खडक होता. त्यावर त्यांनी पिशवीतल्या खडूने आडवी रेघ मारली आणि पदराने घाम पुसला. पुढे रस्ता एका टेपाडाला वळसा घालून जात होता. आम्ही खडकावर बसलो.

रिबकाबाई आल्या नाहीत.

पाव तास थांबून बाई म्हणाल्या, "एखादं बाळंतपण आलं असेल." परतताना त्यांनी हजेरी घेतली. "चार" म्हणून त्या थांबल्या, श्वासभर वाट पाहिली आणि पुढे निघाल्या. पत्र आलं नाही. दुसऱ्या बुधवारीही कुणी आलं नाही, तिसऱ्याही. तेव्हा मी म्हटलं, एक कार्ड टाकू या का? बाई म्हणाल्या, "माझी फेरी चुकलेली नाही. मी का लिहू?"

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ गेला. बुधवार मात्र एकही गेला नाही. आता हे आम्ही व्यायामासाठी करीत होतो, असं बाईंचं म्हणणं होतं. व्यायामासाठी बरोबर त्याच खडकापर्यंत का जायचं, हे विचारायची आमची छाती नव्हती. खडूची रेघ दर खेपेला पुसट झालेली असे. बाई ती न बोलता पुन्हा गडद करीत. पिशवीत खोकल्याच्या वड्यांची एक लहानशी डबी असे. रिबकाबाईंना थंडीत खोकला होई, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी डबीकडे पाहिलं नाही असं दाखवी. त्या डबीमुळे मला रिबकाबाईंचा फार राग यायचा.

शिमग्याच्या आधीच्या बुधवारी बाई निघतानाच म्हणाल्या, "आज शेवटचं. उन्हं वाढली. उद्या सायकल माळ्यावर टाकून देऊ." शाळेमागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. लहानपणीच वैधव्य आलेलं. ज्या भावाने शिकवलं तोही आता नव्हता. सायकल माळ्यावर गेली की संध्याकाळी त्या खोल्यांत बाई काय करतील, याचा विचार मी त्या दिवशी सगळा रस्ता करीत होते. मी एक चिंचोका टाकायला विसरले आणि बाईंच्या ते लक्षातही आलं नाही, तेव्हा मला भीतीच वाटली.

खडकाशी बसलो. वळणाकडून पेंढ्याची एक बैलगाडी आली. गाडीवान म्हातारा होता. आम्हाला बघून त्याने बैल थांबवले.

"कोनाची वाट बघताव गो बायांनो?"

"कुणाची नाही," बाई म्हणाल्या.

"मंग बरा. मला वाटला, ती पल्याडची बाय तुमचीच हाय."

"कुठली बाय?" चंद्राबाईंनी विचारलं.

"वळनाच्या पल्याड बसलेली हाय. पांढरा लुगडा, अशीच सायकल. दर बुधवारी मी चारा आनतो, दर बुधवारी बसलेली असते जांभळीखाली. घंटी वाजवते नि परत जाते. मी म्हटला, डोक्यावर परिनाम हाय काय. पन तसा वाटत नाय."

"किती लांब?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता.

"लांब कशाला? तंबाखूची चिमूट तोंडात टाका, थुकायच्या आत पोचाल."

बाईंनी त्याला कुठून मोजलंत हे विचारलं नाही. गाडी गेली. मला वाटलं, आता त्या उठतील. त्या उठल्या नाहीत. खडकावर ताठ बसून म्हणाल्या, "म्हणजे ती अर्ध्यापर्यंत येतच नाही. अर्धा रस्ता तिने यायचं ठरलं होतं."

माझा धीर कसा झाला, देव जाणे. मी म्हटलं, "बाई, अकरा मैल हे कुठून कुठपर्यंत?"

"दगडावर आहे. महाडच्या कचेरीपासून पोलादपूरच्या कचेरीपर्यंत."

"आणि साडेपाच मैल आपण कुठून मोजले?"

बाईंनी खडूच्या रेघेकडे पाहिलं, मग मागे महाडच्या दिशेने. आमची शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून कचेरीपर्यंत येतानाच पाचेक चिंचोके पडत. म्हणजे तेवढा रस्ता इकडे कमी. पोलादपूरचा नवा दवाखानाही गाव ओलांडून पार पलीकडे बांधलेला. तेवढा रस्ता तिकडे कमी. आणि दवाखान्याच्या पायरीपासून मोज, असं रिबकाबाईंना बजावणारं माणूस आमच्यासमोर खडकावर बसलेलं होतं. मधला तुकडा कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. सरकारी दगडावरचा एकच आकडा बाईंनी आयुष्यात न विचारता उचलला, तोही नेमका हा.

चंद्राबाईंना हसू आवरेना, म्हणून त्या सायकलची साखळी बघू लागल्या. बाईंनी चष्मा काढून पुसला, डोळ्यावर चढवला, काष्टा खोचला आणि खडूच्या रेघेपलीकडे सायकल घातली. चाकाला चिंधी होती, पण त्या मोजत नव्हत्या. पुढे चांगलाच उतार होता. चंद्राबाई त्या दिवशी खाली उतरल्या नाहीत, एवढंच सांगते.

जांभळीखाली रिबकाबाई खरोखरच बसल्या होत्या. वाळल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत; सायकलचा दांडा धरून बसूनच राहिल्या.

"पाच महिने," त्या म्हणाल्या.

"कुठून मोजलेस?" बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतली डबी काढून रिबकाबाईंच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसल्या. मी आणि चंद्राबाई जरा पुढे जाऊन रस्त्याकडेची करवंदीची जाळी पाहत उभ्या राहिलो. करवंदांना अजून फुलंच होती. मागून बाईंचा आवाज आला, हिशेब समजावल्यासारखा, शाळेची पायरी, कचेरी, दवाखाना. मग रिबकाबाईंचं हसणं ऐकू आलं, ते खोकल्यात गेलं, पुन्हा हसण्यात आलं. बाईंचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते अगदी बारीक, मुलीसारखं होतं.

दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं म्हणून लवकरच उठावं लागलं. पुढच्या बुधवारपासून जागा ठरली ती मधल्या वळणावर, आणि ती पावलांनी मोजली चंद्राबाईंनी.

परतताना चंद्राबाई पुढे गेल्या होत्या. त्यांना त्या दिवशी उताराची नशाच चढली होती. मी बाईंच्या बरोबरीने चालले होते. मनातलं विचारून टाकलं, "बाई, नर्सबाई येत नाहीत असं वाटत होतं, तरी पाच महिने का येत राहिलात?"

बाईंनी रस्त्यातला एक खड्डा चुकवला. मग म्हणाल्या, "कमळ, ती चुकण्यापेक्षा मी चुकलेली असले तर बरं, असं वाटायचं. कुठेतरी माझंच मोजणं चुकलेलं निघेल."

"मग एकदा पुन्हा मोजायचं होतं."

"आणि बरोबर निघालं असतं तर?" बाई म्हणाल्या, आणि मान न वळवता त्यांनी हजेरी सुरू केली.