वामनभाऊंचा पाणकावळा

सकाळी पळसदरीच्या धरणावर गेलात, तर काठावरच्या दगडावर साठीचे एक गृहस्थ दोन्ही हात पसरून उभे दिसतील. योगासनं समजू नका. ते आमचे शेजारी वामनभाऊ. समोर खुंटावर पाणकावळा पंख वाळवत बसतो आणि त्याचा खांदा कुठून वळतो, ते हे स्वतःच्या खांद्यावर करून बघतात. पाणकावळ्याला त्याचं काही वाटत नाही. लाज आम्हाला वाटते.

खोपोलीच्या कारखान्यात फिटर होते, तोवर माणूस बरा होता. रिटायर झाले, वर्षभरात शालनवहिनी गेल्या, आणि यांनी यंत्राचा पक्षी करायला घेतला. नुसता उडणारा नाही. वरून पाण्यात सूर मारणारा, आत पोहणारा आणि पुन्हा बाहेर येऊन उडणारा. माझं स्टेशनरीचं दुकान, त्यामुळे या वेडाचा कच्चा माल माझ्याकडूनच जातो. थर्माकोल, मेणबत्त्या, फुगे. एकदा पावसात माझी छत्री मागून नेली, ती परत आलीच नाही. तिच्या काड्या पंखात गेल्या. "पान्यात शिरताना पंख मिटाय पायजे ना, ताई," असं वर मलाच समजावलं.

"भाऊ, बाजारात ड्रोन मिळतो की."

"तो बुडतो."

"मग खेळण्यातलं बदक घ्या."

"ते उडत नाय. पाखराला दोन्ही जमतं ना? मंग."

हे 'मंग' म्हणजे त्यांचं ब्रह्मवाक्य. पहिला पक्षी पाण्यात गेला तो तिथेच राहिला. दुसरा सुरेख पोहला, पण उडायचं नाव नाही. तिसरा रविवारी सहलीला आलेल्या मंडळींच्या बिर्याणीत उतरला. त्यांनी व्हिडिओ काढला आणि गावाची शोभा झाली.

शेवटी मीच एका सकाळी धरणावर जाऊन त्यांना फैलावर घेतलं. सहावा पक्षी मांडीवर घेऊन बसले होते. म्हटलं, "भाऊ, लोक हसतात. शालनवहिनींना काय वाटेल?"

"तिच्या दहाव्याला तुमी व्हता ना, ताई?"

होते. इथेच, याच काठावर. कावळा पिंडाला शिवेना. वामनभाऊंनी हात जोडून सगळं कबूल केलं. लेकीला अंतर देणार नाही, तंबाखू सोडतो, तुळशीला रोज पाणी घालतो. झाडावरचे कावळे हलले नाहीत. ऊन चढलं तसा गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, पिंड पाण्यात सोडला आणि आम्ही जेवायला निघालो.

"गवताचा कावळा तो," वामनभाऊ म्हणाले. "त्याला ना भूक, ना पंख. तो शिवला म्हंजे काय शिवला? आता पिंड पान्यात. साधा कावळा तिथं जाईल व्हय?"

पिंडाचा भात माशांनी केव्हाच खाल्ला असेल, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"तिचं काय ऱ्हायलं व्हतं, ते मला ठावं व्हतं. मुंबईची मानसं गाड्या करून हितं येतात, आपन पाच मिंटावर ऱ्हातो, एकदा तरी काठावर घेऊन बसा म्हनायची. मी म्हनायचो, पानी काय बघायचं? त्या दिवशी एवढ्या मानसांत ते बोलाया लाजलो. बाकी समदं बोललो."

त्यांनी पक्षी सोडला. काळे पंख फडफडत तो पाण्यावर गेला. वामनभाऊ हात जोडून हळूच म्हणाले, "शालन, मी रोज येऊन बसतो गं हितं." पक्ष्याने पंख मिटले आणि सूर मारला.

आम्ही बराच वेळ बघत राहिलो. तो काही वर आला नाही. पाणी पुन्हा सपाट झालं. वामनभाऊंनी माझ्याकडे बघितलं. दहाव्याला गुरुजींकडे बघत होते, अगदी तसंच.

मला पाण्याशिवाय काहीच दिसलं नव्हतं.

"शिवला, भाऊ," मी म्हणाले. "मी बघितलं."