एक लाभार्थी पाहिजे

आमच्या वस्तीच्या रहिवासी केंद्रात आजमितीस चाळीस स्वयंसेवक कार्यरत असून लाभार्थी एक आहे. तोही सध्या नाराज आहे. सबब, केंद्राचा मानद सचिव या नात्याने वस्तुस्थिती आपल्यापुढे ठेवणं मला क्रमप्राप्त वाटतं.

केंद्र उघडलं तेव्हा हेतू अगदी साधा होता. संध्याकाळी ज्यांना घर खायला उठतं, अशा माणसांनी चार घटका एकत्र बसावं, गप्पा माराव्यात. नगरपालिकेने बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल दिला. आम्ही फरशीवरचे शाईचे डाग घासले, खुर्च्या मांडल्या. पहिल्याच संध्याकाळी अख्खी वस्ती लोटली. दारात टेबल टाकून बसलेले निवृत्त मास्तर प्रत्येकाला विचारत होते, लाभार्थी की स्वयंसेवक? आता चार शेजाऱ्यांदेखत या प्रश्नाचं दुसरं काय उत्तर येणार? जो तो ताठ होऊन म्हणाला, स्वयंसेवक. मास्तर बिल्ले वाटून दमले.

सगळ्यात शेवटी घड्याळजी आले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली आणि बायको गेल्यापासून घरी समोर बसायला कुणी नाही. काखेत बुद्धिबळाचा पट होता. ते म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. माझ्याशी डाव टाकायला माणूस हवंय." मास्तरांचा चेहरा उजळला. केंद्राला लाभार्थी मिळाला होता.

घड्याळजींच्या सेवेत आम्ही कसलीही कसूर ठेवली नाही. स्वागत विभागाने त्यांना दारातून आत आणलं, आसन विभागाने बसवलं, चहा विभागाने चहा दिला आणि तो गार झाला की नाही हे पाहायला वेगळा माणूस नेमला. समाधान विभागाचा माणूस अधूनमधून वाकून विचारायचा, "एकटेपणा थोडा कमी झाला का?" घड्याळजी म्हणायचे, अजून नाही. तो "बरं" म्हणून नोंद करायचा आणि निघून जायचा.

राहता राहिलं बुद्धिबळ. आमच्यातल्या निवृत्त नर्सबाई एकदा सहज त्यांच्यासमोर बसल्या. मुलगा परदेशी, फोन सणासुदीला, त्यामुळे बाईंना वेळच वेळ. दोन चाली झाल्या नाहीत तोच त्या खळखळून हसल्या आणि तिथेच घोटाळा झाला. आमचे अध्यक्ष, म्हणजे बँकेतले निवृत्त मॅनेजर, लगबगीने आले. त्यांनी बाईंना बाजूला घेऊन समजावलं, की स्वयंसेवकाने सेवा द्यायची असते. खेळताना आपल्याला आनंद झाला तर तो लाभ झाला आणि लाभ झाला की माणूस लाभार्थी. मग बिल्ला परत करावा लागेल. बाईंनी बिल्ल्यावर हात ठेवला आणि उठल्या.

त्यानंतर घड्याळजी दोन्ही बाजूंनी एकटेच खेळू लागले. काळ्या मोहऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून आम्ही एक निरीक्षक नेमला.

असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी घड्याळजींनी पट आवरला आणि माझ्याकडे आले. आतल्या खोलीत आम्ही स्वयंसेवक चहा पीत होतो. लाभार्थ्यांना तिथे प्रवेश नाही.

"सचिवसाहेब, मलाही एक बिल्ला द्या," ते म्हणाले. "निदान चहा तरी तुमच्यात बसून पिईन."

माझा कप हातातच राहिला. हे स्वयंसेवक झाले तर केंद्रात लाभार्थी उरणार कोण? त्यातच नगरपालिकेचा अधिकारी पाहणीला येणार होता. पुरेसे लाभार्थी नसतील तर हॉल परत जाणार, हे करारातच होतं. आम्ही घड्याळजींच्या हातापाया पडलो आणि पाहणीपर्यंत त्यांना एकटं राहण्याची गळ घातली. मग अध्यक्ष आणि मी नव्या लाभार्थ्यांच्या शोधात दारोदार फिरलो. प्रत्येक घरात टीव्ही मोठ्याने चालू होता आणि समोर एकच माणूस. प्रत्येकाने आम्हाला आग्रहाने बसवून घेतलं, दुसऱ्यांदा चहा विचारला आणि निघताना दारापर्यंत सोडलं. लाभार्थी व्हाल का म्हटल्यावर मात्र सगळ्यांचं उत्तर एक. "मी? छे हो, माझ्याकडे माणसांचा राबता असतो. मदत लागली तर सांगा, येईन की." परत आलो तेव्हा आमचे स्वयंसेवक वाढलेले होते.

अधिकारी आला. मध्यम वयाचा, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर दिवसभराचा कंटाळा. आम्ही ओळीने उभे राहिलो. त्याने घड्याळजींना विचारलं, केंद्राचा काय फायदा झाला?

"काळजी फार घेतात हो," घड्याळजी म्हणाले. "बोलत तेवढं कुणी नाही. तुम्हाला येतं का बुद्धिबळ?"

अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, ऑफिस तर सुटलंच आहे, घरी तरी जाऊन काय करायचं. त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं आणि समोरची खुर्ची ओढली. डाव रंगला. घड्याळजी बायकोच्या आठवणी सांगत होते, तो त्याच्या वडिलांच्या. मध्येच दोघं कशावरून तरी पोट धरून हसले. आम्ही सगळे भिंतीला टेकून बघत होतो. मला त्या दोघांचा हेवा वाटला, आणि मास्तरांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ घातलाच नाही.

जाताना अधिकाऱ्याने महिन्याची मुदत दिली. एकच लाभार्थी पुरत नाही आणि तो स्वतः वस्तीतला नाही, त्यामुळे त्याला लाभार्थी धरता येत नाही. वस्तीतला आणखी एक लाभार्थी दाखवा, हॉल तुमचाच. मग त्याने आमच्याकडे वळून विचारलं, "तुमच्यापैकी कुणी एकटं नाही का?"

बाहेर कुणीतरी शटर ओढल्याचा आवाज आला. नर्सबाई बिल्ल्याची टाचणी चाचपत होत्या. घड्याळजी नेमके माझ्याकडे पाहत होते, कारण माझ्या घरी संध्याकाळी दिवा मीच लावतो हे त्यांना माहीत आहे. माझा हात वर गेला. सगळ्यांच्या नजरा वळल्या, तेव्हा त्याच हाताने मी मागच्या खिडकीची कडी लावून घेतली.

मुदत संपत आली आहे. तरी आपल्या ओळखीत कुणी एकटं असेल तर कृपया त्वरित कळवावं. आपण स्वतः नाही, हे आम्ही गृहीत धरलंच आहे. आपला बिल्ला तयार आहे.